फोर बाय फोर म्हणजे सुपरपॉवर नाही: टेकडीवरच्या एका दिवसामागचं सायन्स

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकण्यापेक्षा स्क्रोल करत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना वाहवत गेलेलं थोडं कापलं आहे, बाकी सगळं तेच.

तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न सारखा येऊन राहिला: "भाऊ, मित्रानं थार घेतली, आता उमरेडच्या आजूबाजूला कुठं चढवायची?" तर आधी कुठे नाही ते सांगतो, मग कसं ते.

कुठे जायचं नाही

पहिलं, कोळसा खाणीचे मातीचे ढिगारे. उमरेडला वेकोलिची खुली खाण आहे. कोळशाच्या वरची माती-दगड काढून रचलेले ते डोंगर रीलमध्ये भारी दिसतात. पण ती टाकलेली, सैल माती आहे. नैसर्गिक टेकडीसारखी ती दबून बसलेली नसते, काठ कधीही सरकू शकतो. शिवाय खाणीत बाहेरच्यांना प्रवेशच नाही.

दुसरं, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. सफारीचे ठरलेले रस्ते सोडले तर आपल्या गाडीला तिथे जागा नाही. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला गोठणगाव भागात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी अडवली, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सी तर परवाना असलेल्या होत्या. आपण कोण?

मग उरतं काय? खासगी जमीन, मालकाला विचारून. आम्ही सहा जण दोन गाड्या घेऊन गेलो ते भिवापूरच्या बाजूला, एका मित्राच्या मामांच्या शेताला लागून असलेल्या मुरमाड टेकडीवर. सह्याद्रीवाले हसतील, "याला डोंगर म्हणता?" पण ३० अंशांचा चढ विदर्भातही ३० अंशांचाच असतो.

फोर बाय फोर नेमकं काय करतं?

आधी एक गोष्ट: सगळ्या थार फोर बाय फोर नसतात. जानेवारी २०२३ पासून फक्त मागची चाकं फिरवणारी थारही मिळते. बाहेरून फरक पटकन कळत नाही, म्हणून आत दुसरा गिअर लिव्हर आहे का ते बघा.

आता डिफरेन्शियल. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच म्हणजे डिफरेन्शियल. डांबरी रस्त्यावर एकदम कामाचा. पण त्याचा स्वभाव असा की दोन्ही चाकांना तो साधारण सारखाच जोर देतो. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, मग दुसऱ्यालाही जवळपास शून्य मिळतो. म्हणून लटकलेलं चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म. त्यावर उपाय म्हणजे डिफरेन्शियल लॉक, किंवा फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवणारी यंत्रणा.

थार आणि जिम्नीमध्ये फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधला जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर असं चालवू नका. वळताना पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं, तो फरक सुटायला जागा मिळत नाही आणि ताण गिअरवर येतो. माती असली की चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो.

फोर-एल म्हणजे सायकलचा सगळ्यात हलका गिअर समजा. वेग कमी, जोर जास्त. चढताना जेवढा उपयोग, त्याहून जास्त उतरताना.

हवा कमी का करायची?

हे मोबाइलवर समजून घेऊ. माणसांसकट गाडी २,००० किलोची धरा, म्हणजे एका टायरवर ५०० किलो. ३२ पीएसआय हवा असताना टायर जमिनीला साधारण २२० चौरस सेंटिमीटर टेकतो, म्हणजे जवळपास दोन मोबाइल. २० पीएसआयवर आणलं की तीन मोबाइल. टायर पसरतो, दगडाला धरतो, गाडी कमी उडते. हा ढोबळ हिशोब आहे, टायरच्या कडकपणानं थोडा बदलेल. पण परत रस्त्यावर यायच्या आधी हवा भरायलाच पाहिजे, म्हणून छोटा कंप्रेसर सोबत ठेवायचा. कमी हवेत वेगानं पळवलं की टायर तापतो आणि फुटू शकतो.

आणि काळी माती? पाऊस पडून गेला असेल तर विचारच सोडा. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग हवा कमी करून फारसं काही होत नाही. मुरूम चालतो.

चढ आणि उतार

३० अंशांच्या चढावर गाडीच्या वजनाचा अर्धा भाग तिला खाली ओढत असतो. २,००० किलोच्या गाडीला १,००० किलोची ओढ. त्यामुळे तीन नियम:

१. आधी पायी चढून बघा. माथ्यापलीकडे काय आहे ते सीटवरून दिसत नाही, बोनेट आडवं येतं.

२. सरळ चढा, सरळ उतरा. उतारावर आडवी झालेली गाडी उलटते.

३. मध्येच बंद पडली तर वळवू नका. ब्रेक धरा, रिव्हर्स टाका, इंजिनच्या जोरावर सरळ मागे या. उतरताना क्लच दाबायचा नाही आणि न्यूट्रल तर नाहीच. फोर-एल, पहिला गिअर, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

आमच्यातला एक चढावर अडकला तेव्हा खालून सगळे ओरडून राहिले होते, "कट मार बे, कट मार!" त्यानं ऐकलं नाही, सरळ मागे आला. दुपारी वांग्याच्या भाजीतला मोठा वाटा त्यालाच दिला.

अडकलेली गाडी ओढताना पट्टा चेसिसच्या हुकालाच लावा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटला तर गोळीसारखा येतो. पट्टा ताणलेला असताना बाकीच्यांनी लांब उभं राहायचं, व्हिडिओ काढणाऱ्यानं पण.

सगळ्यात महत्त्वाचं: पाणी

थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिली आहे. लोक ते वाचतात आणि पुराच्या नाल्यात गाडी घालतात. तो आकडा संथ पाण्यासाठी, सावकाश जाण्यासाठी आहे.

हिशोब बघा. गाडी साधारण ४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद. पाणी फ्लोअरच्या वर १० सेंटिमीटर चढलं की सुमारे ७०० लिटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे गाडीला ७०० किलोची वर उचल. आणखी १० सेंटिमीटर आणि १,४०० किलो. दारांतून हळूहळू पाणी आत येतं, उचल कमी होते, पण तेवढा वेळ प्रवाह देत नाही. चाकांवरचं वजनच गेलं तर फोर बाय फोर काय पकडणार? त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो.

जुलै २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सावनेर तालुक्यातल्या केळवद भागात, पुराचं पाणी वाहणाऱ्या पुलावरून एक एसयूव्ही वाहून गेली. आतली माणसं गेली. तो काही ऑफ-रोड ट्रॅक नव्हता, रोजचा रस्ता होता.

म्हणून आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे: पाणी वाहतं आहे आणि तळ दिसत नाही, तर गाडी मागे. लांबचा रस्ता पडला तर पडू द्या. आणि गाडीत बसलेल्या कुणीही "नको" म्हटलं तर चालवणाऱ्यानं थांबायचं, चर्चा नंतर. नियम ड्रायव्हर सीटवरच्यासाठी कमी आणि मागच्या सीटवर गप्प बसणाऱ्यासाठी जास्त आहे. बहुतेक वेळा भीती त्यालाच आधी वाटते, पण मित्र हसतील म्हणून तो बोलत नाही.

पुढच्या भागात रिकव्हरीचं सामान: काय घ्यायचं, काय उगाच महाग आहे. प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा. आणि हा भाग त्या थारवाल्या मित्राला नक्की फॉरवर्ड करा. भेटू!