आधी माप घ्या, मग करवत!

एनसीसीच्या रेंजवर आडवं पडून पॉइंट टू-टू रायफल खांद्याला लावली असेल, तर हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. गाल लाकडावर टेकवला की साइट नीट दिसत नाही आणि साइट दिसली की गाल सुटतो. मागून उस्ताद ओरडत असतात, आणि तुम्ही समजता आपलंच काहीतरी चुकतंय. दर वेळी तसं नसतं हो! कधीकधी रायफलच तुमच्या मापाची नसते.

गंमत म्हणजे हे शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश लष्कराला कळलं होतं. .303 ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्या पोलिसांकडे कित्येक वर्षं दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’. तिचा बट हा लाकडाचा वेगळा तुकडा असतो, आतून एका लांब बोल्टने जोडलेला. त्यामुळे आखूड हातांच्या जवानाला आखूड बट आणि उंचाड्याला लांब बट देता यायचा. नॉर्मलपेक्षा अर्धा इंच कमी तो शॉर्ट, अर्धा इंच जास्त तो लाँग. सगळ्यात छोटा बँटम, नॉर्मलपेक्षा पूर्ण एक इंच कमी. लाकडावर एस, एल, बी असे ठसेही मारलेले असत. टी-शर्टच्या साइझसारखंच की!

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये या रायफली सरप्लस म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या. शिकारीसाठी हलकी हवी म्हणून लोकांनी पुढचं लाकूड सरळ कापलं. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने तर असे ‘स्पोर्टर’ बनवून विकले. आज संग्राहक अखंड लाकडाच्या रायफलीला कापलेलीपेक्षा जास्त पैसे मोजतात. त्या अपग्रेडने किंमत वाढली नाही, घटली.

मग तिकडचे जाणते हौशी काय करतात? आधी माप. बट कोपराच्या खाचेत टेकवायचा आणि बोट ट्रिगरवर आरामात पोचतं का पाहायचं. आखूड वाटला तर बटवर चढवायचं रबरी पॅड. दुर्बीण बसवली की डोळा वर न्यावा लागतो, म्हणून गालाखाली दोरीने आवळायची चामड्याची गादी. दोन्ही गोष्टी काढता येतात, मूळ लाकडाला ओरखडासुद्धा नाही. चकाचक प्लास्टिकचा स्टॉक मागवायचा विचार त्यानंतर. माझ्या मते बहुतेकांना त्याची गरजच पडणार नाही.

बटच बदलायचा असेल तर एक सापळा आहे. पहिल्या महायुद्धातल्या नंबर वन मार्क थ्री मॉडेलमध्ये बटच्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवलात, की ते लाकूड तडकलंच. शंभर वर्षं टिकलेलं, आणि एका स्क्रू-ड्रायव्हरने गेलं!

आपल्याकडे .303 हे लष्करी कॅलिबर, म्हणून परवानाधारकांसाठी इशापूरच्या कारखान्याने त्याच धाटणीची .315 काढली. तिलाही घरी हात लावू नका, काम परवानाधारक कारागिराचं. एनसीसीच्या रायफलीला तर स्क्रू-ड्रायव्हर लावायचा विचारही नको. पण पुढच्या कॅम्पला, रायफल रिकामी असल्याची खात्री उस्तादांनी केल्यावर, त्यांच्यासमोरच बट कोपराशी लावून बघा. बोट पोचत नसेल तर तसं सांगा. कोपर थोडं पुढे-मागे सरकवून पोझिशन लावून देतील ते.