निर्धूर चूल धूर ओकतेय? आधी पाइप साफ करा

घरात गॅस आला तरी पाणी तापवायला, भाकरी टाकायला गावाकडं अजून चूल पेटतेच. निर्धूर चूल बसवली, पण काही महिन्यांत धूर पुन्हा घरात, अशी तक्रार बऱ्याच घरांत असते. बहुतेक वेळा दोष चुलीचा नसतो. पाइपात काजळी साठून धुराची वाट अडलेली असते. मग तोच धूर बायका-पोरांच्या डोळ्यांत, छातीत जातो. साठलेली काजळी पेटली तर छपरालाही धोका.

महिन्यातून एकदा, चूल पूर्ण गार झाल्यावर पाइपाची टोपी काढावी. दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून दोन-तीनदा वर-खाली ओढावा. नाका-तोंडाला फडकं बांधावं. खाली पडलेली काजळी आणि वैलाच्या वाटेतली राख काढावी. भेगा शेण-मातीनं लिंपाव्यात. भेगेतून हवा शिरली की पाइप धूर ओढत नाही. सरपण वाळलेलंच घालावं, ओल्यानं काजळी जास्त धरते.

राख लगेच उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नये. राखेखाली निखारा रात्रभर जिता राहतो. लोखंडी घमेल्यात काढून, पाणी मारून मगच टाकावी.