दूरध्वनी-नोंदसंकलन
दूरध्वनी-नोंदसंकलन : दूरध्वनी केंद्रातून जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक कॉलची नोंद आपोआप गोळा करून ती संगणकात साठविण्याची पद्धती. कोणत्या क्रमांकावरून, कोणत्या क्रमांकास, केव्हा व किती वेळ कॉल झाला, एवढाच तपशील या नोंदीत असतो. संभाषणाचा आशय तीत नसतो. व्यवहारात ही नोंद ‘कॉल डीटेल रेकॉर्ड’ किंवा ‘सीडीआर’ या नावाने ओळखली जाते. देयकाची आकारणी, केंद्रावरील भाराचे मोजमाप, बिघाडाचा शोध आणि न्यायालयीन पुरावा असे तिचे विविध उपयोग आहेत. ही पद्धती समजावून देण्यासाठी किंवा तिची पारख करण्यासाठी तयार केलेल्या लहान संगणकीय आज्ञावलीस प्रात्यक्षिक आज्ञावली म्हणतात.

इतिहास : मानवचलित केंद्रात प्रत्येक ट्रंक कॉलची चिठ्ठी परिचालक हाताने लिहीत असे. स्वयंचलित केंद्रांत प्रत्येक ग्राहकासाठी एक विद्युत्‌ यांत्रिक मापक बसविलेला असे व त्याच्या दोन वाचनांमधील फरकावरून देयक ठरे. भारतात १९६० मध्ये लखनौ व कानपूर या शहरांदरम्यान एस.टी.डी. सेवा सुरू झाली. अशा कॉलचे मापन अंतरानुसार कमीअधिक वेगाने येणाऱ्या स्पंदांनी मापकावरच होई. त्यामुळे एकूण आकडा कळे, परंतु तो कोणकोणत्या कॉलमुळे वाढला हे सांगता येत नसे व देयकाबद्दलच्या तक्रारीची तड लावणे कठीण जाई. अमेरिकेत १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील मीडिया येथील क्रॉसबार केंद्रात प्रत्येक कॉलचा तपशील कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उमटविण्याची ‘ऑटोमॅटिक मेसेज अकाउंटिंग’ ही पद्धती वापरात आली. पुढे कागदी फितीची जागा चुंबकीय फितीने व नंतर चकतीने घेतली. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहावयास घेतलेल्या ‘ॲस्टेरिस्क’ या दूरध्वनी आज्ञावलीच्या नोंदीतील ‘एएमए फ्लॅग्ज’ हा रकाना त्या जुन्या पद्धतीचे नाव आजही वागवीत आहे.

नोंदीची रचना : नोंदीत सामान्यतः कॉल करणाऱ्याचा व घेणाऱ्याचा क्रमांक, प्रारंभाची, उत्तराची व समाप्तीची वेळ, कालावधी आणि निष्पत्ती (उत्तर मिळाले, क्रमांक व्यग्र होता इ.) हे रकाने असतात. कालावधी दोन प्रकारचा असतो : क्रमांक फिरविल्यापासूनचा एकूण व उत्तर मिळाल्यापासूनचा आकारणीयोग्य. भारतात रूढ झालेल्या ‘मिस्ड कॉल’मध्ये दुसरा कालावधी शून्य असतो, तरीही कॉल घडलेला असल्याने त्याची नोंद होऊ शकते. दूरध्वनी क्रमांक संख्या म्हणून न साठविता अक्षरमालिका म्हणून साठवावा लागतो. अन्यथा मुंबईच्या ०२२ या संकेतांकातील आरंभीचे शून्य गळून पडते. भारतात १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइल क्रमांक फिरविताना आधी शून्य लावणे आवश्यक झाल्याने ही दक्षता अधिकच महत्त्वाची ठरली आहे.

संकलन : कार्यालयातील खाजगी केंद्र (पीबीएक्स) कॉल संपताच नोंदीची एक ओळ अनुक्रमी तारजोडणीवरून किंवा संगणक-जालावरून बाहेर पाठविते. तारजोडणीचा वेग सेकंदास ९,६०० बिट असल्यास व प्रत्येक अक्षरास १० बिट लागत असल्यास सेकंदास ९६० अक्षरे, म्हणजे सु. ९६ अक्षरांच्या दहा ओळी येऊ शकतात. साध्या तारजोडणीत ओळ पोहोचल्याची पोच बहुधा घेतली जात नाही. घेणारा संगणक बंद असेल, तर त्या काळातील ओळी कायमच्या नष्ट होतात. म्हणून केंद्र व संगणक यांच्यामध्ये स्वतंत्र स्मृती असलेली तात्पुरती साठवण-पेटी ठेवतात. जोडणी पूर्ववत झाल्यावर काही ओळी दुबार येण्याचा संभव असतो. त्या ओळखण्यासाठी प्रत्येक नोंदीस एकमेव खूणक्रमांक असणे इष्ट असते. नोंदी समाप्तीच्या क्रमाने येतात, प्रारंभाच्या नव्हे. मध्यरात्र ओलांडणारा किंवा एका जोडणीवरून दुसऱ्या जोडणीकडे वळविलेला कॉल यांमुळे तारीख व कालावधी यांची गफलत होऊ शकते.

साठवण : आलेली ओळ प्रथम जशीच्या तशी एका फाइलीत लिहून ठेवतात व नंतर तिचे रकाने पाडून माहितीसंचयात भरतात. रकाने पाडण्याच्या नियमात चूक आढळल्यास मूळ ओळींवरून संपूर्ण संचय पुन्हा उभारता येतो. ५०० जोडण्यांच्या कार्यालयात प्रत्येक जोडणीवरून दिवसास २० कॉल झाले व प्रत्येक ओळ १०० अक्षरांची धरली, तर दिवसास दहा लक्ष अक्षरे साठतात. आधुनिक संगणकास हा भार किरकोळ आहे. खरा प्रश्न नोंदी अबाधित व पूर्ण राहिल्या आहेत, हे सिद्ध करण्याचा असतो.

प्रात्यक्षिक आज्ञावली : हिचे तीन भाग असतात : कृत्रिम नोंदी निर्माण करणारा, त्या गोळा करणारा व साठवून अहवाल देणारा. डॅनिश गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे कॉल येण्याचा क्रम प्वासाँ वितरणास अनुसरतो. या नियमाने कॉलचे आगमन व घातीय वितरणाने त्यांचा कालावधी ठरविल्यास प्रत्यक्षाशी मिळताजुळता भार निर्माण होतो. सर्व काही सुरळीत चालत असताना दाखविलेले प्रात्यक्षिक अपुरे होय. जोडणी मुद्दाम तोडून, संगणक बंद करून व दुबार ओळी पाठवून अखेरीस निर्माण केलेल्या आणि साठविलेल्या नोंदींचा ताळा जुळतो की नाही, हे पाहावे लागते. ताळा न जुळल्यास देयक चुकते व एखाद्याविरुद्धचा अथवा त्याच्या बचावाचा पुरावा हरपतो.

खासगीपणा व कायदा : आशय नसला, तरी एखादी व्यक्ती रुग्णालयास, वकिलास वा पत्रकारास केव्हा व किती वेळा दूरध्वनी करते यावरून तिच्या आयुष्याबद्दल बरेच अनुमान काढता येते. या नोंदी सरसकट साठवून ठेवण्यास सांगणारा यूरोपीय संघाचा २००६ चा निर्देश यूरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये रद्दबातल ठरविला. भारतात २०२१ च्या अखेरीस परवान्याच्या अटी बदलून दूरसंचार कंपन्यांवर नोंदी किमान दोन वर्षे जपण्याचे बंधन घालण्यात आले. त्यापूर्वी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिकी नोंद पुरावा म्हणून सादर करताना तिच्या हॅश मूल्यासह प्रमाणपत्र द्यावे लागते. प्रात्यक्षिकासाठी खऱ्या ग्राहकांच्या नोंदी वापरू नयेत. केवळ नावे वगळल्याने ओळख लपत नाही, कारण क्रमांकांच्या परस्परसंबंधांवरून व्यक्ती ओळखता येते. उत्तर अमेरिकेत ५५५-०१०० ते ५५५-०१९९ हे क्रमांक काल्पनिक वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. अशी सोय नसेल तेथे कोणासही दिले जाऊ शकणार नाहीत असे क्रमांक योजून नोंदी तयार करणे श्रेयस्कर ठरते.