गंधोपचार (ॲरोमाथेरपी)

वनस्पतींची फुले, पाने, साल, मुळे इत्यादींपासून मिळणाऱ्या बाष्पनशील (उडून जाणाऱ्या) तेलांचा वास हुंगवून मानसिक अथवा शारीरिक त्रास कमी करण्याच्या पद्धतीस गंधोपचार म्हणतात. गात्फॉसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांच्या १९३७ मधील ग्रंथामुळे ‘ॲरोमाथेरपी’ ही संज्ञा रूढ झाली. कल्पना मात्र प्राचीन आहे. चरकसंहितेत औषधी धूमपानाचे प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे प्रकार वर्णिले आहेत. महाराष्ट्रात सर्दीवर ओव्याची पुरचुंडी हुंगण्याची आणि बाळंतिणीच्या खोलीत ओवा व धूप यांची धुरी देण्याची चाल आहे.

या तेलांतील मुख्य घटक बहुधा टर्पीन वर्गातील संयुगे असतात. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) त्यांवर मूलगामी संशोधन झाले. १९६० च्या दशकात सुख देव व त्यांचे सहकारी यांनी तेथे देवदाराच्या तेलातील हिमाचलिनांच्या संरचनेचा उलगडा केला. तेलाचे रसायन असे नेमकेपणे कळले, तरी त्याच्या वासाचा रोग्यावरील परिणाम मोजणे अधिक कठीण आहे.

परिणाम : गंधरेणू नाकाच्या वरच्या भागातील ग्राहींना उद्दीपित करतात. तेथून संवेद गंधकंदामार्गे मेंदूच्या भावना व स्मृती यांच्याशी निगडित भागांत पोहोचतात. त्यामुळे वासासरशी मनःस्थिती पालटू शकते. काही रेणू फुप्फुसांतून रक्तातही शिरतात. शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता लॅव्हेंडरच्या वासाने काहीशी कमी झाल्याचे अनेक लहान चाचण्यांत आढळले आहे. परंतु वास लपविता येत नसल्याने रोग्याच्या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. मेंथॉलाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, ते शीतसंवेदक तंत्रिका उद्दीपित झाल्यामुळे. नाकातील हवेचा अवरोध प्रत्यक्षात कमी झालेला नसतो.

दक्षता : तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ मेंथॉल वा कापूर लावल्यास त्यांच्या श्वसनात अडथळा येऊ शकतो; कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. दम्याच्या काही रोग्यांत तीव्र वासाने श्वासनलिका आकुंचन पावतात. धूप वा उदबत्ती जाळल्यावर गंधाबरोबर धुराचे सूक्ष्म कणही फुप्फुसांत जातात. म्हणून बंद खोलीतील धुरी बाळंतीण व अर्भक या दोघांनाही अपायकारक ठरू शकते. अस्वस्थ मनाला सुगंधाने मिळणारा विसावा खरा असला, तरी तो मूळ रोगावरील उपचाराची जागा घेऊ शकत नाही. त्याच्या भरवशावर दम्याचे औषध वा नैराश्यावरील उपचार थांबविणे धोक्याचे असते.