होडीवर मांजरच का?

तुमचे घर होडीवर असते, तर कोणता प्राणी पाळला असता? बोदवडच्या मुलांना होडीतले घर परके वाटेल. पाण्याची टंचाई मात्र परकी नाही. समुद्रावरही पिण्याचे पाणी मोजूनच वापरावे लागते.

अशा ठिकाणी मांजर सोयीचे ठरते. त्याचे रानटी पूर्वज कोरड्या प्रदेशातले. मांजराची मूत्रपिंडे मूत्रातील बरेचसे पाणी पुन्हा शोषून घेतात व उरलेले क्षार थोड्या, दाट मूत्रावाटे बाहेर टाकतात. शिकारीच्या मांसातूनही त्याला पाणी मिळते.

१९४९ साली चीनच्या यांगत्से नदीत ‘अमेथिस्ट’ हे ब्रिटिश जहाज तोफांच्या माऱ्यात सापडले आणि तीन महिन्यांहून अधिक काळ अडकून पडले. जखमी झालेल्या सायमन नावाच्या बोक्याने उंदीर मारून अन्नसाठा राखला. प्राण्यांच्या शौर्यासाठीचे डिकिन पदक मिळालेले ते एकमेव मांजर!

पण काटकसरी मूत्रपिंडे म्हणजे पाण्याविना जगणे नव्हे. पाणी कमी पडले, तर दाट मूत्रात खडे होऊन मूत्रमार्ग तुंबू शकतो. तेव्हा होडी असो वा बोदवडचे घर, मांजराजवळ स्वच्छ पाण्याची वाटी सदैव भरलेली हवी. टंचाईतही ती भरता येईल का, हे प्राणी आणण्यापूर्वीच ठरवा.