ट्रॉलीच्या चाकातील अडकलेले बेअरिंग कसे काढावे?

सोलापूर जिल्ह्यात भीमा, नीरा व सीना नद्यांच्या काठी आणि उजनी धरणाच्या लाभक्षेत्रात ऊस हे प्रमुख नगदी पीक आहे. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपास जावा लागतो. त्यानंतर वजन आणि साखर उतारा दोन्ही घटत जातात. अशा वेळी भरलेली ट्रॉली वाटेतच अडली, तर नुकसान केवळ बेअरिंगच्या किमतीचे राहत नाही. चाक निखळून ट्रॉली रस्त्यावर कलंडली, तर जिवावर बेतते. म्हणून दसऱ्यापूर्वीच प्रत्येक चाक उघडून तपासावे. नवे बेअरिंग बसविणे तसे सोपे असते. अडकलेले जुने भाग घाईने ठोकून काढतानाच अॅक्सल खराब होतो.

रचना समजून घ्या

ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाच्या हबमध्ये सामान्यतः दोन टेपर रोलर बेअरिंगे असतात. आतल्या बाजूस मोठे व बाहेरच्या बाजूस लहान. हे बेअरिंग मुळात घोडागाड्यांसाठी शोधले गेले. अमेरिकेतील गाड्या बनविणारे हेन्री टिमकेन यांना १८९८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. वरून येणारे वजन आणि वळणावर बाजूने येणारा रेटा, दोन्ही ते पेलते. रोलरसह आतली कडी अॅक्सलच्या टोकावर बसते, तिला मिस्त्री कोन म्हणतात. बाहेरची कडी म्हणजे कप, ती हबमध्ये दाबून घट्ट बसविलेली असते. मागे ऑइल सील, पुढे खाचांचा नट, त्यात कॉटर पिन आणि वर टोपी असते.

भाग का अडकतात?

हंगाम संपल्यावर ट्रॉली पावसाळाभर उघड्यावर उभी राहते. झिजलेल्या सीलमधून पाणी व काळ्या रानातील चिखल आत जातो आणि ग्रीस धुऊन जाते. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होते, त्यामुळे दोन भागांमधील फट भरून ते एकमेकांना घट्ट धरतात. दुसरे कारण उष्णता. ग्रीस नसताना जादा भार ओढल्यास रोलर तापतात, कोन अॅक्सलवर फिरू लागतो आणि शेवटी तेथेच चिकटतो.

पूर्वतयारी

ट्रॉली रिकामी करून सपाट, टणक जागेवर घ्यावी व उरलेल्या चाकांना लाकडी उटी लावावी. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत. काही जुन्या ट्रक-जीपच्या अॅक्सलवर डाव्या चाकाच्या नटांचे आटे उलटे असतात, हे आधी पाहावे. जॅकने उचलल्यावर अॅक्सलखाली मजबूत स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे द्यावेत. विटा अथवा दगड देऊ नयेत, ते अचानक फुटतात. डोळ्यांवर चष्मा आवश्यक आहे.

काढण्याची पद्धत

१. गंजलेल्या जागा तारेच्या ब्रशने साफ करून गंज सैल करणारे तेल सोडावे. ते नसल्यास डिझेलमध्ये थोडे ऑइल मिसळून वापरावे. रात्रभर मुरू द्यावे.

२. चाक काढून बाजूला ठेवावे. टोपी व कॉटर पिन काढून नट सैल करावा, परंतु तो दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा. हब एकदम सुटला तरी अंगावर येणार नाही.

३. हब निघत नसल्यास पुलर लावावा. अॅक्सलच्या टोकावर धातूची चकती ठेवून स्क्रू ताणावा व थोडा वेळ तसाच ठेवावा. मग स्क्रूच्या डोक्यावर हलका ठोका द्यावा. ताण कायम असताना बसलेला छोटा हादरा गंजाची पकड मोडतो.

४. हब निघून कोन अॅक्सलवरच राहिला, तर पुलरची नखे कोनाच्या मागील कडेत अडकवावीत. जी कडी घट्ट बसली आहे, तिलाच ओढावे. जाळीला किंवा रोलरना धरून ओढल्यास तेच तुटून येतात, कडी तिथेच राहते.

५. तरीही न हलल्यास कोनाला उष्णता द्यावी. त्यापूर्वी तेल व डिझेल पुसून काढावे. ५० मिलिमीटर व्यासाची पोलादी कडी १०० अंश सेल्सिअसने जास्त तापली, की तिचा व्यास सुमारे ०.०६ मिलिमीटरने वाढतो. तेवढे सहसा पुरते. ज्योत कडीवर फिरती ठेवावी, अॅक्सल लाल होऊ देऊ नये. हवा भरलेले टायर रिमवर असताना चाकाला ज्योत कधीही लावू नये. टायर स्फोटासारखे फुटते.

६. शेवटचा उपाय म्हणजे ग्राइंडरने कडीला आडवी न देता अॅक्सलच्या लांबीच्या दिशेने खाच पाडणे. खाच आरपार जाण्यापूर्वी थांबून छिन्नीचा एक ठोका द्यावा. कडक पोलादाची कडी तडकते.

७. हबमधील कप पितळी दांड्याने समोरासमोरच्या बाजूंनी आलटून-पालटून ठोकावा. एकाच बाजूने ठोकल्यास तो तिरका होऊन जास्तच अडकतो. दांडा टेकवायला जागा नसेल, तर वेल्डरकडून कपाच्या आतल्या तोंडावर गोलाकार वेल्ड मारून घ्यावा. थंड होताना वेल्ड आकसतो आणि कप सैल पडतो.

लोखंडी हातोडा बेअरिंगच्या कडीवर थेट मारू नये. कडक पोलादाचे तुकडे उडून डोळा जाऊ शकतो.

नवे बसविताना

अॅक्सलचे टोक पुसून तपासावे. निळसर डाग, चीर किंवा खोल ओरखडे दिसल्यास जाणकार टर्नरला दाखवावे. कोन सैल बसतो म्हणून अॅक्सलवर पंचाचे ठोके मारण्याची पद्धत टाळावी. ती पकड भाराखाली लवकरच जाते. बेअरिंगचा क्रमांक कडीवर कोरलेला असतो, तो पाहून कोन व कप जोडीनेच बदलावेत. सील व कॉटर पिन नवीनच घालावी. रोलरमध्ये ग्रीस पूर्ण दाबून भरावे, हबची पोकळी मात्र निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. चाक फिरवीत नट आवळावा, मग जवळच्या खाचेपर्यंत किंचित मागे घेऊन पिन घालावी. चाक मोकळे फिरावे, पण डुलू नये.

पहिल्या खेपेनंतर हबला हात लावून पाहावा. हात ठेवता येत नाही इतका तो तापला असेल, तर दुसरी खेप भरण्यापूर्वी चाक पुन्हा उघडावे. हा अर्धा तास वाया गेला असे समजू नये. भरल्या ट्रॉलीखाली रस्त्यावर चाक उघडण्यापेक्षा तो केव्हाही स्वस्त पडतो.