सशाच्या जबड्याखालची गाठ

पाळीव सशाच्या जबड्याखाली टणक गाठ हाताला लागली की ‘गळू आहे, पिकेल आणि फुटेल’ असे बहुतेकांना वाटते. माणसाच्या गळवाबाबत ते बरेचसे खरेही असते. सशाच्या दाताच्या मुळाशी झालेले गळू मात्र वेगळे. सशाचे सगळे, २८ही दात आयुष्यभर वाढतात. गवत कमी पडले की ते नीट झिजत नाहीत, मुळे हाडात रुततात आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. साचणारा पू पांढरट, घट्ट असतो आणि त्याभोवती जाड कोश (तंतुमय आवरण) तयार होतो. फडक्यात बांधलेल्या चक्क्याला टाचणीने भोक पाडले तर चक्का वाहील का? म्हणूनच नुसता छेद दिलेली गाठ सहसा पुन्हा भरते. शक्य असेल तिथे कोश, बाधित दात आणि खराब झालेले हाड काढावे लागते. त्याआधी कवटीचा एक्स-रे हवा.

मग प्रतिजैविके (जिवाणूंवरची औषधे) देऊन शस्त्रक्रिया टळणार नाही का? औषध रक्तातून पोचते आणि पुवात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकट्या औषधाने गाठ क्वचितच जाते. घरात उरलेले अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देणे तर घातकच. आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचा तोल बिघडून ससा दगावू शकतो. ‘खातोय की अजून’ हाही भरवशाचा पुरावा नव्हे, कारण ससा दुखणे लपवतो. गवत सोडून मऊच खाणे, हनुवटी लाळेने ओली राहणे ही आधीची लक्षणे. १२ तास काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.